बारा काळ पाठ आहेत, तरी वाक्य का मोडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मराठी माध्यमात शिकल्या, आता एका कंपनीच्या हिशेब विभागात काम करतात. इंग्रजीतल्या बारा काळांचा तक्ता त्यांना अजून तोंडपाठ आहे. मेल लिहिता येतो, बातम्या वाचता येतात, पण मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की वाक्य मध्येच मोडतं. एका ऑनलाइन चाचणीने त्यांना सांगितलं की त्या ‘व्हिज्युअल लर्नर’ आहेत, म्हणजे बघून शिकणाऱ्या. तेव्हा व्याकरण पुन्हा पहिल्यापासून करावं, शब्द पाठ करावेत, की रोज व्हिडिओ बघावेत?

नोकरी करणाऱ्या मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवणं हेच माझं काम आहे आणि हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी सतत माझ्यापुढे येतो. आधी ती चाचणी बाजूला करू, म्हणजे खऱ्या गोष्टीकडे वळता येईल.

बघून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि हाताने करून शिकणारे ही चौकडी न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांनी मांडली. तिला ‘व्हार्क’ म्हणतात आणि त्यावरचा त्यांचा मिल्स यांच्याबरोबरचा लेख १९९२ चा आहे. पुढे असल्या वर्गवाऱ्यांचं पेवच फुटलं. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये फ्रँक कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजदाद केली, तेव्हा शिकण्याच्या शैलींच्या ७१ वेगवेगळ्या मांडण्या सापडल्या. २००८ मध्ये हॅरल्ड पॅशलर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला: बघून शिकणाऱ्याला चित्रं दाखवून आणि ऐकून शिकणाऱ्याला बोलून शिकवलं, तर दोघं खरोखर जास्त शिकतात का? ‘होय’ म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. माणसांना आवडीनिवडी असतात हे खरंच. पण आवडीप्रमाणे शिकवलं म्हणून जास्त येतं, हे सिद्ध झालेलं नाही.

डोळ्यांनी शिकायचं की कानांनी, हे शिकणाऱ्यापेक्षा शिकायच्या गोष्टीवर जास्त अवलंबून असतं. स्पेलिंग डोळ्यांनी आणि हातानेच येणार. उच्चार कानाने आणि तोंडानेच येणार. आपली देवनागरी लिहिल्याप्रमाणे बोलायची सवय लावते, म्हणून जो फक्त वाचून इंग्रजी शिकला तो कर्जाला आयुष्यभर ‘डेब्ट’ म्हणतो, नळ दुरुस्त करणाऱ्याला ‘प्लंबर’ म्हणतो आणि पावतीला ‘रिसीप्ट’. त्या शब्दांतले ‘बी’ आणि ‘पी’ बोलायचे नसतात: डेट, प्लमर, रिसीट. तुम्ही हिशेबात आहात, म्हणजे यातले दोन शब्द तुमच्या तोंडी रोज येतात. ‘मी व्हिज्युअल आहे’ म्हणून कान बंद ठेवले तर ते कधीच सुधारणार नाहीत.

शैलीपेक्षा फार मोठा फरक दुसऱ्याच गोष्टीने पडतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर त्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. तुमचा बारा काळांचा तक्ता म्हणजे हजारदा पाहिलेली आणि वाक्यात फारच थोड्या वेळा बाहेर काढलेली गोष्ट आहे. तुम्ही वाक्य बघितलेलं आहे, काढलेलं नाही. मीटिंगमध्ये मात्र ते काढायचंच असतं, तेही दोन सेकंदांत.

आता व्याकरण. ते पहिल्यापासून करू नका. तुमच्या बहुतेक चुका इंग्रजी न आल्यामुळे होत नाहीत, मराठी उत्तम येत असल्यामुळे होतात. मराठी वाक्य डोक्यात पूर्ण, नेमकं आणि शुद्ध तयार होतं आणि तसंच्या तसं इंग्रजी कपडे घालून बाहेर पडतं. म्हणून दोन्ही भाषा जिथे सारख्या चालतात तिथलं व्याकरण सोडून द्या. जिथे वाटा फुटतात तेवढ्याच जागा नीट पाहा. त्या जागा फार नाहीत, आणि मराठी माणसांच्या बाबतीत त्याच त्या असतात.

सगळ्यात मोठी जागा ‘होतो-होते’ची. “मी काल बँकेत गेले होते” हे वाक्य तुम्ही दिवसातून कितीदा म्हणता! त्यातलं ‘होते’ इंग्रजीत ‘हॅड’ होऊन उतरतं: ‘आय हॅड गॉन टू द बँक यस्टर्डे’. मराठीत ‘गेले’ आणि ‘गेले होते’ यांत बारीक फरक आहे. ‘गेले होते’ म्हटलं की जाऊन आले, ती गोष्ट आता संपली, असं ऐकणाऱ्याला कळतं. इंग्रजीत हा फरक क्रियापदाच्या रूपाने दाखवत नाहीत. दोन्हीला ‘आय वेंट टू द बँक यस्टर्डे’ एवढंच. ‘हॅड’ लागतं ते भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधी काही घडून गेलं असेल तेव्हा: “मी पोहोचले तेव्हा गाडी सुटली होती”, ‘द ट्रेन हॅड लेफ्ट’. मराठीत या दोन्ही कामांना एकच रूप आहे, म्हणून घोटाळा. उपाय एकच. ‘हॅड’ जिभेवर आलं की स्वतःला विचारा, “कशाच्या आधी?” उत्तर नसेल तर साधा भूतकाळ. माझ्या अनुभवात एवढ्या एका सवयीने बोलण्यातला मोठा गोंधळ मिटतो.

त्याच्या शेजारची जागा ‘पाठवलाय’ची. “मी कालच मेल पाठवलाय” हे मराठीत बिनचूक आहे. इंग्रजीत मात्र ‘हॅव’ आणि ‘काल’ एका वाक्यात नांदत नाहीत. ‘आय हॅव सेंट द मेल’ किंवा ‘आय सेंट द मेल यस्टर्डे’, दोनपैकी एक निवडायचं. संपलेली वेळ सांगितली, म्हणजे काल, दोन वाजता, मार्चमध्ये, गेल्या वर्षी, की ‘हॅव’ गेलंच.

आणि तिसरी ‘पासून’ची. “मी इथे पाच वर्षांपासून काम करतेय.” मराठीत हा सरळ वर्तमानकाळ आहे, म्हणून ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं निघतं. त्यात दोन गोष्टी बिघडल्या. तेव्हापासून आतापर्यंत चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजी ‘हॅव बीन’ मागते. शिवाय आपलं एकच ‘पासून’ तिथे दोन शब्दांत वाटलेलं आहे: किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’, कधी सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स’. ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. मुलाखतीत हे वाक्य हमखास येतं, तेव्हा नियम विसरलात तरी चालेल, पण स्वतःची खरी वर्षं घालून वाक्य अख्खं तोंडात बसवा.

बाराच्या बारा काळ बोलण्यात लागत नाहीत. साधा वर्तमान, साधा भूत, चालू वर्तमान, ‘हॅव’ आणि ‘विल’, एवढ्यावर मीटिंग निभावते. ‘विल हॅव बीन डुइंग’ परीक्षेत विचारतात म्हणून तक्त्यात जागा अडवून बसलं आहे.

पुढे ‘मला’. मराठीत भूक मला लागते, आवडतं मला, समजतं मला, भाऊ मला असतात. अनुभव येऊन आपल्याला चिकटतो. इंग्रजी तिथे ‘आय’ला कर्ता करून बसवते, हे बहुतेकांना जमतं. जमत नाही ते पुढचं. “मला समजत नाहीये” यातलं ‘नाहीये’ आपल्याला ‘आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग’कडे ओढतं. “मला दोन भाऊ आहेत” याचं ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ होतं. माहीत असणं, समजणं, हवं असणं, आवडणं, मालकीचं असणं या क्रियापदांना इंग्रजीत सहसा ‘इंग’ लागत नाही: आय डोन्ट अंडरस्टँड, आय हॅव टू ब्रदर्स. ‘वुई आर हॅविंग लंच’ चालतं, कारण तिथे मालकी नाही, जेवण चाललं आहे.

जोडशब्दांकडेही लक्ष द्या. मराठीला जोडी आवडते: जरी-तरी, जेव्हा-तेव्हा, कारण-म्हणून. इंग्रजीला एकच टोक पुरतं. ‘ऑलदो इट वॉज लेट, बट वुई फिनिश्ड’ यातलं ‘बट’ काढा. ‘व्हेन आय वॉज इन कॉलेज, दॅट टाइम’ यातलं ‘दॅट टाइम’ काढा. तसंच ‘टुडे मॉर्निंग’ म्हणजे आपलं ‘आज सकाळी’, तिथे ‘धिस मॉर्निंग’ हवं. ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’.

एक जागा मात्र व्याकरणाची वाटत नाही, पण कामात फार गोंधळ करते. साहेब विचारतात, “यू हॅवन्ट सेंट द मेल?” मराठी मन उत्तर देतं, “हो, नाही पाठवला.” हे ‘हो’ म्हणजे “तुम्ही म्हणता ते बरोबर.” इंग्रजी मात्र प्रश्नाकडे न बघता घटनेकडे बघते. पाठवला नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’, पाठवला असेल तर ‘यस, आय हॅव’. परदेशी ग्राहकाला फोनवर नुसतं ‘यस’ म्हणालात तर तो मेल शोधत बसेल. खात्री नसेल तेव्हा ‘यस-नो’ गाळून सरळ ‘आय हॅवन्ट सेंट इट येट’ म्हणा.

आर्जवाचंही असंच. मराठीत ते क्रियापदात आणि छोट्या शब्दांत मुरलेलं असतं. “जरा फाइल देता का?”, “बघा ना”, “सांगाल का?” यांत ‘कृपया’ म्हणावंच लागत नाही. उलट घरात कोणी ‘कृपया मीठ द्या’ म्हणालं तर भांडण झालंय की काय असं वाटेल. इंग्रजीत तुम्ही-आपण नाही, सगळ्यांना एकच ‘यू’. मग आदर कुठे ठेवायचा? तो ‘कुड’ आणि ‘वुड’मध्ये जातो. ‘गिव्ह मी द फाइल’ला पुढे ‘प्लीज’ लावलं तरी तो हुकूमच राहतो. ‘कुड यू सेंड मी द फाइल?’ ही आपली “देता का”. ‘आय वाँट’ म्हणजे “मला पाहिजे”, ‘आय वुड लाइक’ म्हणजे “मिळालं तर बरं होईल”. मराठीत अत्यंत नम्र असलेली माणसं इंग्रजीत उद्धट वाटतात ती या एका कारणाने, आणि बिचाऱ्यांना ते कोणी सांगतही नाही.

शब्दांबद्दल विचारलंत. अवघड शब्द पाठ करू नका. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्यात काम करत, बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला काय अडतं हे पाहत. १९५३ मध्ये त्यांनी सुमारे २,००० अतिशय उपयोगी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. रोजच्या बोलण्याचा मोठा भार तेवढे शब्द उचलतात. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या २००६ च्या हिशेबाप्रमाणे कादंबऱ्या आणि वर्तमानपत्रं मदतीशिवाय समजायला ८,००० ते ९,००० शब्दकुळं लागतात आणि बोलणं समजायला ६,००० ते ७,०००. इथे कुळ म्हणजे शब्द आणि त्याची रूपं मिळून एक. हा समजण्याचा आकडा आहे. बोलायला याहून खूप कमी शब्दांवर भागतं, आणि तुम्ही बातम्या वाचता म्हणजे तुमच्याकडे ते आहेत.

कमी आहे ती त्या शब्दांची सोयरीक. कोणतं क्रियापद कोणाबरोबर जातं, त्याच्यापुढे काय येतं. मराठीत आपण “परीक्षा देतो”, इंग्रजीत विद्यार्थी ती ‘टेक’ करतो. “चूक करणं” ‘मेक’ने आणि “काम करणं” ‘डू’ने, आपल्याकडे दोन्हीला ‘करणं’च. “याबद्दल चर्चा करू” मधलं ‘बद्दल’ इंग्रजीत ‘डिस्कस’च्या पोटातच आहे, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ नाही, नुसतं ‘डिस्कस’. “मला समजावून सांगा” म्हणजे ‘एक्सप्लेन मी’ नाही, ‘एक्सप्लेन इट टू मी’. ‘टेल मी’ चालतं आणि ‘एक्सप्लेन मी’ चालत नाही, याचं समाधान देणारं कारण शोधू नका. ते क्रियापद तसं आहे, एवढंच.

यासाठी इंग्रजी-मराठी कोश पुरत नाही, शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश हवा. असा एक कोश ए. एस. हॉर्नबी यांनी जपानमध्ये विद्यार्थ्यांना शिकवताना तयार केला. तो तिथे १९४२ मध्ये आला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. इंग्रज माणसाला न लागणारी, पण आपल्याला नेमकी लागणारी माहिती त्यात दिली होती: क्रियापदापुढे काय येतं, नाम मोजता येतं की नाही. आज असे कोश फोनवर फुकट मिळतात. अर्थ कळला की आपण पान बंद करतो, ती सवय मोडा. खालची दोन उदाहरणवाक्यं मोठ्याने वाचा आणि मोजता न येणाऱ्या नामाची खूण बघा. ‘ॲडव्हाइस’ला ती खूण असते. आपले सल्ले दहा असू शकतात, त्यांची ‘ॲडव्हाइस’ एकवचनीच. गंमत म्हणजे ‘माहिती’चं अनेकवचन आपणही करत नाही, तरी ‘इन्फॉर्मेशन्स’ लिहितो. तिथे मराठीवर भरवसा ठेवला असता तर बरं झालं असतं.

‘अ’ आणि ‘द’ यांचं काय, असं तुमच्या मनात असेलच. मराठीत उपपदंच नाहीत, म्हणून ती सगळ्यात शेवटी बसतात. बोलताना त्यांच्यामागे लागू नका. चुकलं तरी अर्थ क्वचितच बिघडतो आणि वाक्य मात्र ‘द’शी अडखळून थांबतं. लिहिताना शेवटी एकदा सगळी नामं तपासा. कोणतं ते वाचणाऱ्याला आधीच ठाऊक आहे का? असेल तर ‘द’. ठाऊक नाही, एकच आहे आणि मोजता येतं? तर ‘अ’. सगळं यात बसत नाही, पण ऑफिसचा मेल निभावतो. ‘ही गो’ऐवजी ‘ही गोज’ म्हणणं हेही असंच. नियम एका ओळीचा, पण वेगवेगळ्या देशांतल्या शिकणाऱ्यांमध्ये तो ‘स’ तोंडात उशिरा बसतो असं अभ्यासकांना दिसलं आहे. त्यासाठी स्वतःला कमी लेखू नका.

भारतीय इंग्रजीबद्दल दोन शब्द. ‘प्रीपोन’ला, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणण्याला, हसायचं कारण नाही, तो आता ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. पण कोणाशी बोलतोय ते बघा. ‘आय पास्ड आउट इन २०१५’ पुण्यात पदवी सांगतं, लंडनमध्ये चक्कर येऊन पडल्यासारखं ऐकू जातं.

आता रोज काय करायचं. मीटिंगहून परत आल्यावर, मनात मराठीत आलेली पण इंग्रजीत न निघालेली दोन-तीन वाक्यं मराठीतच लिहून ठेवा. घरी ती इंग्रजीत काढा, कोशात तपासा, कोणाला तरी दाखवा. वहीत शेवटी फक्त बरोबर वाक्य राहू द्या. माझ्या अनुभवात चूक आणि दुरुस्ती शेजारी शेजारी लिहिली की कधीकधी चुकीचंच आठवतं. मग मराठी वाक्य वाचायचं, इंग्रजी झाकायचं आणि मोठ्याने म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, चार दिवसांनी पुन्हा, पंधरवड्याने पुन्हा. भाषांतराची जुनी पद्धत बदनाम झाली, ती पुस्तकातली निर्जीव वाक्यं उलटीपालटी करायला लावत असे म्हणून. वाक्यं तुमची स्वतःची असतील तर तिच्याइतकी उपयोगी दुसरी नाही.

आठवड्यातून एकदा फोनवर दोन मिनिटं बोलून रेकॉर्ड करा: आज काय झालं, उद्या काय आहे. ऐकताना फक्त एकाच प्रकारची चूक शोधा. एका आठवड्यात ‘हॅड’, पुढच्यात ‘सिन्स-फॉर’. सगळ्या चुका एकदम पकडायला गेलात तर पुढच्या वेळी तोंडच उघडणार नाही. व्हिडिओ बघायचे असतील तर बघा, पण एक छोटा तुकडा घेऊन थांबवा आणि त्याच चालीत म्हणून पाहा. नुसतं बघणं ही करमणूक आहे, ती करायलाही हरकत नाही, फक्त तिला अभ्यासात धरू नका.

क्लास लावायचा विचार असेल तर फी आणि पुस्तकं नंतर विचारा. आधी विचारा की एका तासात मला स्वतःला किती मिनिटं बोलायला मिळेल. उत्तर पाच मिनिटांच्या आत असेल तर त्याऐवजी ऑफिसमधल्या एखाद्या मैत्रिणीशी ठरवा: जेवणाच्या सुट्टीत दहा मिनिटं इंग्रजी, आणि चूक सांगायची ती वाक्य पूर्ण झाल्यावरच.